बुधवार कुणाचा, दिग्या?

दिग्या, तुझा फ्लेक्स लागलाय. कॉलनीच्या कमानीवर, बसमधून उतरणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसावा असा. फोटो कुठल्या तरी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा आहे, टाय लावलेला, केस चापूनचोपून बसवलेले. तुझ्याकडे टाय होता हेच मला माहीत नव्हतं. तुझ्या डोक्यावर गोल चौकटींमध्ये आपले नगरसेवक भाऊ, भाऊंचे धाकटे भाऊ आणि भाऊंचा मुलगा आहेत, आणि तिघांचेही चेहरे तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे आहेत. खाली लिहिलंय, एक मनमिळाऊ क्रीडाप्रेमी हरपला.

मनमिळाऊ? तू? सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये उभा राहून सेक्रेटरी शेट्येकाकांचा घसा बसवणारा तू? रॉटरडॅममध्ये असं असतं आणि रॉटरडॅममध्ये तसं असतं हे ऐकवून आख्ख्या घाटकोपरच्या डोक्यात जाणारा तू? माणूस मेला की आधी त्याची धार काढून घ्यायची आणि मग त्याला हार घालायचा, ही आपल्या लोकांची पद्धत मला माहीत आहे. पण तेरावं होईपर्यंत तरी थांबायचं. मला राग आलाय, दिग्या. फ्लेक्सवाल्यांचा आलाय, शेट्येंचा आलाय, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त तुझा आलाय. शोकसभेत मला तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलायला सांगितलं होतं. ते मी केलं नाही. इथेही करणार नाही.

आपली पहिली भेट म्हणजे भांडणच. तसे आपण एकाच कॉलनीतले, तू सात नंबर बिल्डिंगमधला, मी आठ. पण लहानपणी तू मुलग्यांत खेळायचास आणि मला आईने वयात आल्यावर वर बोलावून घेतलं ते कायमचं. पुढे तू नोकरीसाठी हॉलंडला गेलास, मी मुलुंडच्या शाळेत गणित शिकवायला लागले, आणि तुझी खबर मला तुझ्या आईकडून, म्हणजे काकींकडूनच मिळायची. मग एका संध्याकाळी मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन सात आणि आठच्या मधल्या फरशीवरून चालले होते. समोरून एक दाढीवाला माणूस बॉल घेऊन आला, आणि काय होतंय ते कळायच्या आत बॉल माझ्या पायांमधून गेला आणि तो माणूस मला वळसा घालून पलीकडे. "पन्ना," तू म्हणालास, आणि हात मिळवायला पुढे केलास. मी त्या हातात भाजीच्या पिशव्या दिल्या आणि म्हटलं, आता परत करून दाखव.

तू पिशव्या कठड्यावर ठेवल्यास आणि परत करून दाखवलंस. नंतरच्या खेपेला मी गुडघे मिटले आणि बॉल तुझ्याकडून काढून घेतला. ओढणी खाली पडली होती, चपलेचा अंगठा तुटला होता, एका कलंडलेल्या पिशवीतले टोमॅटो गटारापर्यंत गेले होते. कितीतरी वर्षांनी माझ्या पायाला बॉल लागला होता. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आताही मानताना जड जातंय, पण मानते.

मग मी रोज खाली यायला लागले आणि लोकांनी त्यात नको ते बघितलं. एकदा शेट्येकाकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं की तुमच्या दोघांत नक्की आहे काय. मी म्हटलं, बॉल आहे. तुला हे सांगितल्यावर तू हसून हसून कठड्यावरून पडायचा बाकी राहिला होतास.

ती फरशी म्हणजे जुन्या पंपहाऊसची जागा. पंपहाऊस पाडलं तेव्हा सिमेंटचा चौकोन उरला. तीन बाजूंना गुडघाभर कठडा आणि त्यावर गंजकी जाळी, चौथी बाजू रस्त्याकडे सताड उघडी. कॉलनीला ती जागा स्कूटर लावायची वाटायची. तुला ती बघताक्षणी रॉटरडॅम वाटली. तिथे म्हणे दर चार गल्ल्यांमागे असा एक लहानसा चौक असतो, प्लाइन म्हणायचास तू त्याला, आणि त्यात जाळीचा पिंजरा. पिंजरा म्हणायचं, पण त्याला दार नसतं. शाळा सुटली की पोरं सायकली जाळीला टेकवतात, जॅकेटं वर अडकवतात आणि अंधार पडेपर्यंत खेळतात. मोरोक्कोहून आलेल्यांची पोरं, तुर्कांची, सुरीनामहून आलेल्यांची, केप वर्देची, आणि मूळचे डचही. बोलतात ती भाषाही आपल्या बंबैयासारखी सगळ्यांची मिळून झालेली. त्यातल्या एका सुरीनामी पोराची आजी, जिचे पूर्वज कधीकाळी बिहारकडून सुरीनामला मजुरीला नेलेले, बोलायची ती बोली तुला आपल्या दूधवाल्या भय्याची वाटली आणि तू रस्त्यात उभ्या उभ्या रडलास, हेही तूच सांगितलंस. मोठ्या क्लबात निवडला गेलेला पोरगासुद्धा सुट्टीत आपल्या प्लाइनवर येतो, आणि तिथे त्याला कोणी भाव देत नाही. तिथे एकच गोष्ट चालते. समोरच्याच्या पायांमधून बॉल काढून पलीकडे आपल्या पायात घेतलास की तो पन्ना, आणि खेळ तिथेच संपला. गोल किती झाले ते मग कोणी विचारत नाही. ज्याचा पन्ना निघाला त्याने हात मिळवायचा आणि बाहेर जायचं.

कोवळ्या पोरांनी तुला, इंजिनिअर माणसाला, कितीदा बाहेर बसवलं असेल. तू ते अभिमानाने सांगायचास. तिथे पालिकेने म्हणे बॉल घेऊन येणारा माणूस नेमलेला असतो आणि आपल्याकडे बॉल घेऊन जाणारा, हे वाक्य तू इतक्या वेळा बोललायस की वॉचमनलाही पाठ झालं होतं. पण तू परत आलास, स्कूटरी हटवल्यास, शेट्येंच्या शिव्या खाल्ल्यास, आणि काही महिन्यांत तिथे गोवंडीपासून पोरं यायला लागली. आरिफ तिथलाच. दोन बस बदलून यायचा, आणि नियमांचा इतका पक्का की तू त्यालाच पंच करून टाकलंस.

आणि तुझे ते नियम. पहिला नियम, चौथी बाजू उघडी राहील. दुसरा, नाटक चालेल. फसवणं हाच खेळ आहे म्हणायचास. पोटरीत गोळा आला म्हणून कळवळायचं, डोळ्यात कचरा गेला म्हणून वाकायचं, आणि समोरचा दयेने एक पाऊल पुढे आला की त्याच्या पायांमधून बॉल काढायचा. एकदा तर आईचा फोन आलाय म्हणून खिशाकडे हात नेलास आणि आरिफचा पन्ना काढलास. फोन घरी विसरला होतास. नवीन पोराला जुनी पोरं आधी हेच शिकवायची की दादाचं तोंड बघू नको, बॉल बघ. आणि तिसरा नियम, बसायचं नाही. आपली पोरं बूट बांधायला, मोबाईल बघायला, उगाचच टेकायची, म्हणून तू ठरवलंस की खेळात जो खाली बसला त्याचा पन्ना निघाला. तो हरला. कारण काहीही असो.

हे नियम मी लिहितेय कारण त्यांनीच तुझा जीव घेतला. डॉक्टर काहीही म्हणोत.

आपलं भांडण पहिल्या नियमावरून होतं. मला गेट हवं होतं. तुझ्या तोंडावर, मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत म्हटलं होतं मी की गेट लावा, वेळ ठरवा आणि आठवड्यातला एक दिवस मुलींचा ठेवा. मी खेळते ते माझं वय झालंय म्हणून, बाईमाणूस असून मॅडम आहे म्हणून. पण समोरच्या चाळीतली रिद्धी जाळीला तोंड लावून उभी राहते आणि आत येत नाही, कारण आत मोठमोठे बाप्ये घाम पुसत उभे असतात आणि चौथ्या बाजूला त्यांचे दोस्त बाईक लावून बसलेले असतात. तू म्हणायचास, प्लाइनला टाइमटेबल नसतं. यायचं तर यायचं, अडवतंय कोण? आणि मग तुझ्या मोबाईलमधला तो व्हिडिओ काढायचास. डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मोरोक्कन मुलगी एका धिप्पाड पोराचा पन्ना काढते आणि सगळा पिंजरा उड्या मारायला लागतो. बघ, तू म्हणालास, तिला कोणी दिवस राखून दिला होता?

मी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग म्हटलं, उड्या मारणाऱ्यांत दुसरी मुलगी दाखव. तू परत बघितलास. मोबाईल डोळ्यांपाशी नेऊन बघितलास. नव्हती. त्या आख्ख्या पिंजऱ्यात ती एकटी होती. ती घरी कशी जाते, तिच्या आईला कोण समजावतं, हे तू तिथे असताना कधी विचारलं नव्हतंस. त्या दिवशी तू मोबाईल खिशात ठेवलास, पण हरलो म्हणाला नाहीस. तू कधीच म्हणायचा नाहीस. कित्येक महिने आपण त्याच जागी अडकलो होतो. शेवटी तूच म्हणालास की खेळूनच ठरवू. मी तुझा पन्ना काढला तर बुधवार मुलींचा. तू माझा काढलास तर हा विषय परत नाही. रविवारी सकाळी, आरिफ पंच.

त्या आठवड्यात तुला जिना चढताना दम लागत होता. मी बघितलं होतं. ऍसिडिटी आहे, म्हणालास. थंड दूध पितोय, म्हणालास. मी म्हटलं नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊन छातीचा ईसीजी काढून घे, पाच मिनिटांचं काम आहे. सोमवारी जातो, म्हणालास. आधी रविवार होऊ दे. तुला हरायची इतकी भीती वाटत होती का रे? की मला वाटावं की आजारपणाचं निमित्त करून तू पळालास, याची? तुझ्यासारख्या शिकलेल्या, जग फिरलेल्या माणसाने थंड दूध प्यायचं आणि सोमवारची वाट बघायची. या एका गोष्टीसाठी मी तुला आयुष्यभर माफ करणार नाही, मग कोणी कितीही हार घालोत.

रविवारी कठड्यावर बसायला जागा नव्हती. सुरुवातीला तू नेहमीसारखाच होतास. मग तू बॉलवर पाय ठेवून थांबलास आणि छातीवर हात नेलास. कठड्यावर हशा पिकला. आरिफ ओरडला की ताई, फसू नका. तुझा चेहरा वाकडा झाला होता आणि तू म्हणालास, "सुजे, थांब. खरंच दुखतंय."

मी गुडघे मिटले. तू शिकवलंस तसे. तोंड बघितलं नाही, बॉल बघितला, तू शिकवलंस तसा. तू खाली बसलास तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, दादा बसला म्हणून. कारण इतक्या वर्षांत तू त्या फरशीवर कधी टेकला नव्हतास. बॉल घरंगळत चौथ्या बाजूने रस्त्यावर गेला आणि त्याच्यामागे कोणी गेलं नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं.

लोक मला सांगतात, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देतच नाहीये. मी तुला देते. ज्या माणसाने आपल्या वेदनेची इतकी झकास नक्कल बसवली की खरी वेदना आली तेव्हा तिला टाळ्या पडल्या, त्या माणसाला मी दोष देते. आम्ही तुझे चांगले विद्यार्थी होतो, दिग्या. त्याचीच शिक्षा झाली.

हॉस्पिटलच्या बाकावर आरिफ माझ्या शेजारी बसला होता. डॉक्टर येऊन सांगून गेले होते. तो खाली बघत म्हणाला, "ताई, बुधवार तुमचा झाला. दादा बसला ना." माझा हात उठला होता त्याच्या कानाखाली वाजवायला. मग त्याच्या नाकातून पाणी गळतंय ते दिसलं. त्याला तू पंच केलं होतंस आणि पंचाचं काम सोडून त्या क्षणी त्याच्याकडे धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं. मी तो हात त्याच्या पाठीवर ठेवला.

आता शेट्येंचं ऐक. तुला अग्नी देऊन आलो आणि अजून अंगावरचे कपडे वाळले नव्हते तेव्हा कमिटीत ठरलं की तुझं स्मारक करायचं. भाऊ निधी देणार. फरशीवर हिरवं टर्फ घालायचं, वर दिवे, चारही बाजूंनी उंच जाळी, चौथ्या बाजूला लोखंडी गेट आणि गेटवर मोठ्या अक्षरांत तुझं नाव. मोबाईलवरून तासाचं बुकिंग. कॉलनीवाल्यांना सवलत. गोवंडीवाल्यांनी कुठे खेळायचं ते त्यांनी बघावं. तुझ्या नावाने तुझ्याच पोरांना बाहेर काढायचं, आणि वर फोटो काढायचे. मी तावातावाने शेट्येंच्या घरी गेले तर ते शांतपणे चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, गेट पाहिजे हे तर तुमचंच म्हणणं. मिनिट्समध्ये आहे."

होतं ना. माझ्या वाक्यातलं गेट त्यांनी उचललं होतं आणि मुली गाळल्या होत्या. मी म्हटलं, मग बुधवार? ते म्हणाले, मुलींनी बुकिंग करावं, कोण नको म्हणतंय. अगदी तुझ्यासारखंच बोलले रे. यायचं तर यायचं, अडवतंय कोण. मला तुमच्या दोघांचा एकदम राग आला.

एकच अडचण होती. नाव द्यायला आईची संमती हवी आणि सगळ्यांसमोर हवी, म्हणजे भाऊंना बरं दिसेल. म्हणून मी काकींकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, तुझी बनियनं घडी करत. मी सगळं सांगितलं, गेट, बुकिंग, आरिफ. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या झीलाचा नाव लागता, तर तुझ्या पोटात कित्याक दुखता गो?"

तुझे आजोबा गिरणीत राबले, वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, त्यांच्यातल्या कोणाचं नाव कुठल्या दारावर लागलं नाही. आता एका आईला तिच्या मुलाचं नाव लोखंडात बघायला मिळणार आणि मी म्हणणार, नको? मी उठले. दारात चपला घालताना त्यांनी विचारलं की तो तिथे परदेशात त्या पोरांत पहिल्यांदा गेला कसा, कोणी नेला होता का. मी सांगितलं, कोणीच नव्हतं नेलं. तू मला सांगितलं होतंस तसंच सांगितलं. पहिला हिवाळा, ऑफिसातून खोली आणि खोलीतून ऑफिस, तोंडातून दिवसचे दिवस मराठी शब्द नाही. रोज पिंजऱ्यावरून जायचास. एक दिवस पायच आत वळले, कारण ढकलायला दारच नव्हतं. काकी बनियन घडी करत राहिल्या.

शोकसभा फरशीवरच होती. भाऊ आले, खुर्च्या आल्या, तुझा तो टायवाला फोटो आला. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी तू गेल्याचं दुःख वगैरे काही बोलले नाही. मी म्हटलं की मी गेट मागितलं होतं ते मुलींसाठी, त्यांना आत घेण्यासाठी, कोणाला बाहेर ठेवण्यासाठी नाही. आणि ज्याचं नाव तुम्ही त्या गेटवर टांगताय तो माझ्याशी याच गेटवरून भांडत मेला. तो चुकीचा होता, पण तुमच्यासारखा चुकीचा नव्हता. मागे कोणीतरी मला खाली बसवा म्हणालं. शेट्ये माईककडे यायला निघाले होते.

तेवढ्यात काकी उठल्या. माईक त्यांनी घेतलाच नाही. पुढे बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या की तू हॉलंडहून फोन करायचास तेव्हा आधी नुसता रडायचास, आज काय जेवण केलंस विचारायचास आणि रडायचास. मग एका दिवसापासून फोन लवकर ठेवायला लागलास, खेळायला जायचंय म्हणून. तेव्हा त्यांना वाटलं होतं की झील वाचला. तू लहानपणापासून लाजरा. कोणी दार लावून घेतलेलं असेल तर तू ठोठावणाऱ्यातला नाहीस, परत फिरणाऱ्यातला. मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "नाव लावा. माका नाव व्हया. दार नको."

शेट्ये गोंधळले. दार नाही तर नाव लावायचं कशावर, असं त्यांनी विचारलं. काकींनी पायाखाली बोट दाखवलं. "हंयच, भुयेर लिवा."

"वहिनी, अहो पाय लागतील त्याला."

"लागांदेत. पायांचोच मां खेळ तेचो."

भाऊंना हसावं की हात जोडावेत ते कळेना. पण समोर आई होती आणि मोबाईल सगळीकडून वर धरलेले होते, त्यामुळे त्यांनी हात जोडले. आज तरी गेट थांबलंय. उद्याचं मी सांगत नाही. रिडेव्हलपमेंट आलं की सात, आठ आणि फरशी सगळंच जाईल, तेव्हा परत भांडावं लागेल, आणि या वेळी तू शेजारी नसशील. तुझ्याइतक्या मोठ्या आवाजात ओरडणारा माणूस मला आता कुठे मिळणार?

नाव आरिफने आणि पोरांनी रंगवलं. पिवळा ऑइलपेंट. मी म्हटलं होतं दिग्या लिहा, काकींनी दिगंबर लिहून घेतलं. अक्षरं मोजून आखली नव्हती, त्यामुळे फरशीच्या मधोमध सुरू झालेलं नाव जाळीपर्यंत गेलं आणि शेवटचा र अंग चोरून उभा आहे. तुला तो बघून शेट्येंची आठवण झाली असती.

आणि बुधवार आला. आरिफने पोरांना आधीच बजावलं होतं की आज कोणी यायचं नाही, निकाल लागलेला आहे. मी फरशीवर एकटीच बॉल घेऊन उभी होते आणि मला वाटायला लागलं की तू बरोबर होतास, दिवस राखून काही होत नाही, कोणी येणार नाही. तुझा असा राग आला की सांगू नये. मग रिद्धी आली, शाळेचे पांढरे पीटीचे बूट घालून. तिने जाळीला क्षणभर नेहमीसारखं तोंड लावलं आणि मग चौथ्या बाजूने आत आली. तिच्या मागून तिची बहीण, बहिणीच्या मैत्रिणी, आणि आठ नंबरमधल्या एक वहिनी, साडी खोचून. चौथ्या बाजूला एकही बाईक नव्हती. ती उघडीच होती, तुला हवी तशी, आणि दिवस मुलींचा होता, मला हवा तसा. आपण दोघंही जिवंतपणी एवढं साधं का बोलू शकलो नाही?

पहिली फेरी माझी आणि रिद्धीची. मी शोकसभेत एवढी गरजले, काकी लागांदेत पाय म्हणाल्या, मुली तर बिनधास्त तुझ्या नावावरून धावत होत्या. पण माझा पाय पडेना. मी तुझ्या अक्षरांना वळसे घालत खेळत होते. रिद्धी फार हुशार आहे, दिग्या. तिने ते दोन मिनिटांत हेरलं. तिने बॉल नावाच्या बरोब्बर मध्यावर आणला, मी अडवायला गेले, आणि तुझ्या ग ला पाय लागू नये म्हणून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे, अशी फाकून उभी राहिले.

पन्ना.

सगळ्या मुली उड्या मारायला लागल्या. रिद्धीने हात पुढे केला, मी मिळवला आणि बाहेर गेले. ज्या बुधवारसाठी एवढं भांडले त्या पहिल्याच बुधवारी सगळ्यांत आधी बाहेर मी. कठड्यावर बसून मी ओढणीत तोंड घातलं आणि तुला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. आधी फ्लेक्सच्या, मग थंड दुधाच्या, मग सोमवारच्या. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ते तिथे, आणि मुलींना वाटलं की मॅडम हरल्या म्हणून रडतायत.

पुढच्या बुधवारी मी तुझ्या नावावर पाय देणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.